लाकडी पेनावरचा पांढरा डाग

हाताने कातलेलं लाकडी पेन पाहायला मिळालं की मी आधी खिडकी शोधतो. उजेड तिरका पडेल अशा बेताने पेन सावकाश फिरवलं की समोरून निर्दोष वाटणारा पृष्ठभाग सगळं सांगून टाकतो. पॉलिश पेपरच्या आडव्या रेघा दिसतात, थराच्या लहरी दिसतात, सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. आणि कधी कधी दिसतो चकाकीच्या आत अडकलेला पांढुरका ढग. रेघा आणि खड्डे कोणीही घासून काढील. या ढगाने मात्र मला वर्षानुवर्षं गुंतवून ठेवलं आहे.

पेन बनतं कसं, ते आधी पटकन सांगतो. लाकडाच्या चौकोनी तुकड्याला आरपार भोक पाडून त्यात पितळेची नळी चिकटवतात. मग तो लेथवर कातायचा, १५० नंबरपासून ६००पर्यंत पॉलिश पेपर फिरवायचा आणि वर संरक्षक थर चढवायचा. राजमहेंद्रीची रत्नम पेनं १९३२पासून प्रसिद्ध आहेत ती एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची. एबोनाइट नुसतं घासूनही चमकतं. लाकडाला मात्र घाम आणि शाईपासून आडोसा लागतो. तो तेल-मेणाचा असतो, लाखेचा असतो, किंवा हल्ली बहुतेक ठिकाणी सायनोॲक्रिलेटचा, म्हणजे फेव्हिक्विकच्या जातीच्या गोंदाचा.

हा गोंद १९४२मध्ये अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या हॅरी कूव्हर यांच्या हाती लागला. बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना मिळालेला हा पदार्थ जिथे तिथे चिकटतो, म्हणून तेव्हा बाजूला ठेवला गेला. त्याचं कारणच आपल्या ढगाचं मूळ आहे. हा गोंद वाळत नाही, तो ओलाव्यामुळे घट्ट होतो. हवेतला आणि लाकडातला किंचितसा दमटपणाही त्याला पुरतो. त्यामुळे पावसाळ्यात गोंद कापडावरून पेनावर नीट पसरायच्या आतच धरायला लागतो. शिवाय त्याची वाफ हवेतल्या ओलाव्याशी मिळून पांढरी भुकटी बनते आणि आसपास बसते. घाई म्हणून गोंद झटकन धरवणारा ॲक्सिलरेटर जवळून फवारला, तर थर तापतो आणि आत बारीक बुडबुडे अडकतात. भुकटी वर बसते, बुडबुडे आत राहतात. डोळ्याला दोन्ही सारखेच पांढरे दिसतात.

म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी एक परीक्षा करावी. डागावर पाण्याने ओलं केलेलं बोट फिरवावं. डाग तेवढ्यापुरता नाहीसा झाला, तर तो पृष्ठभागावरचा आहे. पाण्याने बारीक ओरखडे भरले आणि प्रकाश विखुरायचा थांबला, एवढाच त्याचा अर्थ. अशा पेनाला १५००पासून १२०००पर्यंतच्या मायक्रोमेश या अतिबारीक घासपट्ट्यांनी पॉलिश करणं पुरतं. लेथ थांबवून प्रत्येक नंबरनंतर लांबीच्या दिशेनेही घासावं, नाहीतर आडव्या रेघा राहून जातात. ओलं करूनही डाग तसाच राहिला, तर तो आत आहे आणि वरून कितीही चमकवलं तरी जाणार नाही. तिथे बुडबुड्याच्या खालपर्यंत थर उतरवायचा आणि पातळ हातांनी पुन्हा चढवायचा. सगळं लाकूड उघडं पाडायची गरज क्वचितच पडते. दोष ज्या थरात आहे तिथेच थांबता येणं, हीच मला या कामातली खरी कारागिरी वाटते.

लाखेवरही पांढरं येतं, पण त्याची गोष्ट वेगळी आहे. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावतात. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि थरात कोंडलं जातं. उपाय म्हणजे स्पिरिटचा अगदी हलका बोळा फिरवायचा. जुना थर पुन्हा सैल होतो, ओलावा निघून जातो आणि नवा हात जुन्यात एकजीव होतो. गोंदाच्या थराला हे सुख नाही. लाखेचं दुखणंही तेच: कोरोनाच्या काळात सॅनिटायझर लावलेल्या हातांनी वापरलेली लाखेची पेनं चिकट झालेली मी पाहिली आहेत.

इथे सावंतवाडीबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. चितार आळीत लाखकाम बघत मी कितीतरी वेळ उभा राहिलो आहे. तिथे स्पिरिट नाहीच. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते. अशीच लाख चढवणारे कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे कारागीर त्यावर केवड्याचं पान दाबून तकाकी आणतात. कोकणातल्या इतक्या दमट हवेत ही कला टिकली, यात मला आश्चर्य वाटत नाही: द्रावकच नसेल, तर ते उडताना पाणी कोंडणार कसं? ओरखडाही पुन्हा घर्षण देऊन मिटवता येतो. आपल्या पेनवाल्यांनी ही रीत मनावर घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

शिसवीबद्दल एक सूचना. तिच्यातल्या नैसर्गिक द्रव्यांमुळे तेलाचे थर लवकर सुकत नाहीत आणि गोंदही नीट धरत नाही. थर देण्यापूर्वी ॲसिटोनने पुसावं. टोकाशी थर उचलला गेला असेल, तर पातळ गोंदाचा एक थेंब कडेला लावावा. तो आपोआप आत ओढला जातो. गोंदासाठी सुती बोळा कधीही वापरू नये, सुतावर तो इतका तापतो की धूर निघतो.

राहता राहिला तडा. लाकूड आडव्या दिशेने फुगतं-आकसतं, आतली पितळेची नळी मात्र ओलाव्याने जागची हलत नाही. सिंधुदुर्गात पावसाळ्यात कातलेलं फणसाचं पेन मे महिन्यात नागपूरला गेलं, तर ते उभं तडकू शकतं, आणि तिथे थराचा काही दोष नसतो. अशा पेनाचा तडा लगेच भरू नये. काही आठवडे त्याला नागपुरातच राहू द्यावं, तडा किती उघडायचा तेवढा उघडू द्यावा, मग त्याच लाकडाची भुकटी दाबून पातळ गोंद सोडावा आणि त्यानंतरच वरचा थर नव्याने द्यावा.