मुळांतला चोर

खेड्यात भरलेले पहिले काँग्रेस अधिवेशन १९३६ साली झाले ते फैजपूरला. आता हा टापू ओळखला जातो केळीसाठी. पण तिथल्या काळ्या मातीत एक चोर दडून असतो : सूत्रकृमी. डोळ्यांना न दिसणारा हा जीव मुळात शिरला की मुळांवर गाठी धरतात आणि पाणी असूनही झाड भर दुपारी मान टाकते. केळी काढून टोमॅटो लावला तरी सुटका नाही. त्याला दोन्ही गोड! मादी शेकडो अंडी घालते, उबदार मातीत महिनाभरात पुढची पिढी तयार.

उतारा मात्र बांधावरच्या कडुनिंबात आहे. लागवडीपूर्वी निंबोळी पेंड मातीत मिसळावी, पुढे निंबोळी अर्क मुळाशी द्यावा. झेंडूच्या जिवंत मुळांतले द्रव्यही कृमींना मारते. पण कडेला चार झाडे लावून भागत नाही, सबंध वावरात दोन-तीन महिने झेंडूच हवा.

याने कृमींची संख्या घटते, वंश संपत नाही. म्हणून रोपे घेतानाच मुळे पाहावीत. हरभऱ्याच्या मुळावरची उपकारी गाठ नखाने सुटते. ही सुटत नाही, मूळच सुजलेले असते. असे एक रोप दिसले तरी तो वाफा नाकारावा. रोपांचे पैसे बुडतील, रान तरी वाचेल.