एक शब्द, तीन जीवनक्रम : घरातील कासवाच्या निवासाविषयी

प्राकृतातील ‘च्छ’चा मराठीत ‘स’ होतो. ‘मच्छ’पासून ‘मासा’ व ‘पुच्छइ’पासून ‘पुसणे’ ही रूपे झाली, त्याच नियमाने ‘कच्छप’पासून ‘कासव’ हा शब्द सिद्ध होतो. ‘श्य’चा प्राकृतात ‘स्स’ होत असल्यामुळे ‘कश्यप’पासूनही तोच शब्द निष्पन्न होऊ शकतो; कश्यप म्हणजेच कूर्म, असे शतपथ ब्राह्मणात सांगितलेले आहे. दोन मुळे अशा रीतीने एका शब्दात एकवटतात. त्याचप्रमाणे जमिनीवरचे, गोड्या पाण्यातले आणि समुद्रातले अशा तीन प्राण्यांना मराठी एकाच नावाने ओळखते. बोलण्यात यामुळे काही बिघडत नाही. परंतु कासव घरात आणले की बिघडते.

रायगड जिल्ह्याचेच उदाहरण पुरेसे आहे. किनाऱ्यावर हरिहरेश्वर वा दिवेआगर येथे ‘कासव’ म्हटले की वाळूत अंडी घालणारे समुद्री कासव डोळ्यांपुढे येते. कर्जत व खालापूर या आतल्या तालुक्यांत तोच शब्द नदी, ओढा व विहीर यांतील कासवाचा वाचक आहे. आणि शहरातील दुकानात त्याच शब्दाने परदेशी पाणकासवाचे पिल्लू विकले जाते, तर कधी चोरट्या मार्गाने आलेले पाठीवर तारे असलेले भूकासवही. भूकासव पाण्याच्या टाकीत बुडून मरते. पाणकासव कोरड्या खोक्यात झिजून मरते. सबब निवासाची सिद्धता करण्यापूर्वी पहिला प्रश्न हाच : कोणते कासव?

याचे उत्तर काही अंशी कायद्याने देऊन ठेवले आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 साली झाला व 2022 साली त्यात व्यापक दुरुस्ती झाली. पोटाखालच्या झडपांनी मागचे पाय झाकून घेणारे आपल्या नद्यांतील मऊ पाठीचे कासव आणि ताऱ्यांचे भूकासव ही दोन्ही आज पहिल्या अनुसूचीत आहेत. ती बाळगणाऱ्यास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. नदीतील कासवाला घर मानवतही नाही. पाणी आटले की ते चिखलात स्वतःला पुरून घेऊन उन्हाळा काढते, आणि काचेच्या टाकीत त्याला ती सोय नाही. भाताच्या खाचरात वा ओढ्याकाठी सापडलेले कासव जेथल्या तेथे सोडावे, हाच त्याचा योग्य निवास.

उरते ते कानामागे तांबडा पट्टा असलेले, मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले पाणकासव. दुकानात ते रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे असते, म्हणून काचेच्या वाडग्यात ठेवले जाते. वस्तुतः पूर्ण वाढलेली मादी 25 ते 30 सेंटिमीटरांची होते व नीट सांभाळल्यास 30 वर्षे जगू शकते. त्या वाडग्यात ते वाढत नाही, केवळ सावकाश मरते.

त्याच्या निवासाची पाच अंगे आहेत. पहिले पाणी. पाठीच्या दर अडीच सेंटिमीटरांमागे सुमारे 40 लिटर, हा प्रचलित हिशेब. म्हणजे प्रौढ कासवाला 400 लिटर. इतक्या पाण्याचे वजनच 400 किलो होते, म्हणून टाकी तळमजल्यावर असणे इष्ट. खोली पाठीच्या लांबीच्या दीडपट ते दुप्पट असावी, आणि पाणी 24 ते 27 अंश सेल्सियस.

दुसरे अंग कोरडी बैठक. कासवाला चढून संपूर्ण अंग सुकवता येईल असा खडबडीत उतार लागतो, व तेथे दिव्याची 30 ते 35 अंशांपर्यंत ऊब लागते. तिसरे अंग अतिनील प्रकाश. त्यावाचून शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषले जात नाही व कवच मऊ पडते. खिडकीची काच हे किरण अडवते; त्यामुळे ‘खिडकीशी ऊन येते’ हे समाधान फसवे आहे. खास नळी दिवसाचे 10 ते 12 तास लावावी लागते, आणि ती पेटत असली तरी वर्षाच्या आत बदलावी लागते, कारण तिचे अतिनील किरण आधीच क्षीण झालेले असतात.

चौथे अंग गाळणी. ती टाकीच्या दुप्पट पाण्यासाठी असलेली घ्यावी, व दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. पाचवे अंग आहार. पिल्लू बहुतांशी मांसाहारी असते. प्रौढाला कोवळा पाला व पाणवनस्पती अधिक लागतात. पाण्यात समुद्रफेसाचा तुकडा ठेवल्यास कॅल्शियम मिळते. पाव, भात व दूध देऊ नये. कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुणे अत्यावश्यक आहे. त्याच्या अंगावरील साल्मोनेला जंतूंमुळे लहान मुले आजारी पडत, म्हणूनच अमेरिकेने 1975 साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीस बंदी केली.

कर्जत-खालापुरात यात स्थानिक अडचणींची भर पडते. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन नसते व वीज जाते. गाळणीसाठी बॅटरीची सोय हवी. उन्हाळ्यात बंद खोलीतली टाकी तापते, थंडीत रात्री पाणी गार पडते. तापमापक दोन्ही ऋतूंत लागतो.

हा खर्च व ही तीस वर्षे न पेलल्यामुळे कासव नदीत वा देवळाच्या तळ्यात ‘सोडून देण्याचा’ मोह होतो. ‘सोडणे’ या क्रियापदात मराठी मनाला मुक्तीचा व पुण्याचा अर्थ ऐकू येतो; येथे मात्र तो अर्थ उलटतो. भिवपुरीचे वीजगृह 1922 पासून व खोपोलीचे 1915 पासून घाटमाथ्यावरचे पाणी खाली आणत आहे. त्यामुळे पेज, उल्हास व पाताळगंगा ऐन उन्हाळ्यातही वाहतात, आणि परक्या कासवाला बारमाही आसरा मिळतो. जगातील सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुक जातींच्या यादीत या कासवाचे नाव आहे. अन्न व उन्हाची जागा यांसाठी ते देशी कासवांशी झगडते व बहुधा जिंकते. युरोपीय संघाने 1997 साली त्याची आयात थांबवली, ती याच कारणाने. सांभाळणे अशक्य झाल्यास ते प्राणी-बचाव संस्थेच्या स्वाधीन करावे. पाण्यात सोडू नये.

भाषेने जे एका नावाखाली ठेवले ते निसर्गात एक नाही. ‘कासव पाळावे काय?’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर संभवत नाही. नदीचे व ताऱ्यांचे कासव पाळू नये. दुकानातले विकत न घेणे उत्तम. परंतु घरी आलेच असेल, तर 400 लिटर पाणी आणि तीस वर्षे एवढे त्याचे देणे आहे.