चाकांवरचा वानप्रस्थ

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, कॅलिफोर्नियाच्या सीमेपासून साधारण तीस किलोमीटरवर, क्वार्ट्झसाइट नावाचे एक गाव आहे. उन्हाळ्यात तेथे मुद्दाम जावे असे काही नाही. पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात असतो आणि २०२०च्या जनगणनेप्रमाणे वस्ती अडीच हजारांचीही नाही. परंतु उत्तरेत बर्फ पडू लागले की मिनेसोटा, मिशिगन, मोंटाना आणि थेट कॅनडापासून मोटारघरांची रीघ या गावाकडे लागते, आणि जानेवारीत भोवतालचे उजाड वाळवंट पांढऱ्या वाहनांनी भरून जाते. या पाहुण्यांना तेथे ‘स्नोबर्ड’ म्हणजे हिमपक्षी म्हणतात. त्यांतील बहुतेक साठी उलटलेले, आणि पुष्कळसे जोडीने आलेले असतात.

भोवतालची जमीन संघराज्य सरकारच्या मालकीची आहे. तिच्यावर एरवी चौदा दिवसांहून अधिक मुक्काम करता येत नाही. परंतु १९८३ मध्ये सरकारने काही क्षेत्रे दीर्घ मुक्कामासाठी राखून ठेवली. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल अशा सात महिन्यांच्या परवान्याचे शुल्क दीर्घकाळ अवघे १८० डॉलर होते. एखाद्या शहरात तेवढ्या पैशात दोन रात्रींचे हॉटेलसुद्धा मिळणे कठीण. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला हे वाळवंट नंदनवन का वाटते, हे एवढ्यावरून उमगावे.

हे वृद्ध दांपत्य घरातून निघते कसे? बहुधा मुले दूरच्या शहरांत स्थिरावलेली असतात, घरात रिकाम्या खोल्या उरतात आणि हिवाळ्यात अंगणातले बर्फ उपसणे कमरेला सोसेनासे होते. मग एक दिवस घर विक्रीला निघते. चाळीस वर्षांचा संसार अंगणात मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला विकला जातो. उरते ते तीस-चाळीस फूट लांबीच्या गाडीत मावेल तेवढेच. भारतीय वाचकाला येथे वानप्रस्थाश्रमाची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. मात्र या वानप्रस्थात शीतपेटी, दूरचित्रवाणी आणि दोघांना निजण्याजोगा पलंग बरोबर असतो. वनात जाताना अग्निहोत्र सोबत नेण्याची मुभा शास्त्रानेही दिलेली होतीच!

तथापि ही केवळ सहल नव्हे. मैलोगणती चाललेल्या या संसारात श्रम पुष्कळ आहेत. गाडी लिटरला तीन-चार किलोमीटरच धावते, त्यामुळे पेट्रोलचा भाव वधारला की पुढच्या महिन्याचा मार्ग आखूड होतो. पाण्याची टाकी मर्यादित. सांडपाणी आणि शौचकूपाचे मैलापाणी ठरावीक ठिकाणी जाऊन स्वतःच्या हातांनी नळी जोडून रिकामे करावे लागते. ज्या गृहस्थाने हयातभर कचेरीत खुर्चीवर बसून काम केले, त्यालाही ही पाळी चुकत नाही. आणि शंभर-दीडशे मोठ्या खोक्यांएवढ्या जागेत दोन माणसांनी अहोरात्र राहावयाचे म्हणजे, पाऊस लागलेल्या आठवड्यात, विवाहाची जी परीक्षा होते ती पूर्वीच्या चाळीस वर्षांत झालेली नसते.

महामार्ग सोडून हे दांपत्य लहान गावांत शिरते, आणि येथे अमेरिकेच्या अलीकडच्या इतिहासातील एक दुखरी जागा उघडी पडते. १९५६च्या कायद्याने आंतरराज्यीय महामार्गांचे विराट जाळे विणले गेले. त्यामुळे देश जवळ आला हे खरे, परंतु ज्या गावांमधून जुने रस्ते जात होते ती गावे एका रात्रीत आडबाजूला पडली. ॲरिझोनातील सेलिग्मन हे त्यांतले एक. सप्टेंबर १९७८ मध्ये नवा रस्ता गावाला वळसा घालून खुला झाला, आणि रूट ६६ या विख्यात मार्गावरील वाहतूक पाहता पाहता आटली. एंजल डेल्गाडिलो नावाच्या तेथील न्हाव्याने मात्र ही गोष्ट मनाला लावून घेतली. त्याने १९८७ मध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा करून संघटना उभारली आणि जुन्या रस्त्याला ‘ऐतिहासिक’ हा दर्जा द्यावयास राज्य सरकारला भाग पाडले. आज त्या गावात माणसे थांबतात ती त्या रस्त्याच्या स्मृतीसाठी. पूर्वी प्रवाशाला पेट्रोल हवे असे. आता त्याला आपले तारुण्य पुन्हा पाहावयाचे असते. गावाला पैसा दोन्हींकडून मिळतो, एवढे खरे.

सगळ्याच गावांना असा न्हावी लाभत नाही. मिड-वेस्टच्या मैदानातील असंख्य गावांत मुख्य रस्त्यावरील निम्मी दुकाने बंद, शाळा शेजारच्या गावात विलीन झालेली आणि तरुण शहराकडे गेलेले, असेच चित्र दिसते. तेथल्या उपाहारगृहात सकाळी कॉफी पिणारे शेतकरी आणि दारात मोटारघर उभे करून आत आलेले पाहुणे हे बहुधा एकाच वयाचे असतात. एक गाव सोडू न शकलेला, दुसरा गाव सोडून आलेला. गप्पा चटकन जमतात. परंतु पाहुणा फार तर दोन दिवसांचा. तो पेट्रोल, न्याहारी आणि एखादी जुनी वस्तू विकत घेतो. शाळेला मुले देत नाही की दवाखान्याला डॉक्टर टिकवून धरील इतका काळ राहत नाही. अशा उत्पन्नावर गाव तगते, वाढत मात्र नाही.

ज्याला घर नाही त्याला पत्ता कोठला, हा प्रश्न वरवर गमतीचा वाटतो. प्रत्यक्षात वाहन-परवाना, विमा, कर आणि मतदान हे सारे त्यावर अवलंबून आहे. टेक्सास, फ्लॉरिडा व साउथ डकोटा या तीन राज्यांत प्राप्तिकर नसल्याने फिरस्त्यांचे कागदोपत्री वास्तव्य बहुधा तेथेच असते. साउथ डकोटात एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवून परवाना मिळू शकतो. मताधिकारासाठी मात्र त्या राज्याने २०२३ मध्ये तीस दिवसांच्या वास्तव्याची अट घातली. टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन या छोट्या गावात ‘एस्केपीज’ या संघटनेचे मुख्यालय आहे. जो आणि के पीटरसन या दांपत्याने १९७८ मध्ये ती स्थापन केली. सभासदांची टपाले तेथे येतात आणि ते जेथे असतील तेथे पाठविली जातात. साहजिकच हजारो मतदारांचा पत्ता तोच झाला, आणि ज्यांनी या गावात कधी सलग महिनाभर काढला नाही त्यांनी आमचे अधिकारी का निवडावेत, असा आक्षेप स्थानिकांनी घेतला. आक्षेप अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. पण त्या वृद्धांनी मत द्यावयाचे तरी कोठे?

या सर्व प्रवाशांना एका मापाने मोजणे हीही चूक ठरेल. क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांपैकी एकीचा मालक हौसेने आलेला असतो, तर दुसरीचा निरुपायाने. २००८च्या आर्थिक अरिष्टात अनेकांची घरे आणि आयुष्यभराची पुंजी गेली. मोटारघरे बनविणारे एल्कहार्ट हे इंडियानातील शहरही त्या वेळी पार कोलमडले आणि २००९ मध्ये तेथील बेकारी वीस टक्क्यांच्या घरात पोहोचली. ज्यांच्याजवळ केवळ गाडी उरली ते सत्तरीच्या वयात गोदामात रात्रपाळी करू लागले, शरद ऋतूत नॉर्थ डकोटात बारा-बारा तास बीटची रास लावू लागले. जेसिका ब्रूडर यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात त्यांचीच कहाणी आहे आणि त्यावरील चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळाले. त्यात दिसणारे नेवाडातील एम्पायर हे जिप्समच्या कारखान्याचे गाव २०११ मध्ये कारखान्याबरोबरच बंद पडले. त्याचा टपाल-क्रमांकसुद्धा रद्द झाला.

हौशी आणि निरुपाय झालेले यांच्यातील अंतर आजारपण आले की झपाट्याने कमी होते. घराची किंमत काळाबरोबर सहसा वाढते, गाडीची घटते. म्हणून दहा वर्षे हिंडल्यावर गाडी विकून पुन्हा घर घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर गेलेले असते. वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याचा मूळ प्रकार देशभर चालतो, परंतु खाजगी कंपन्यांमार्फत चालणाऱ्या त्याच्या पर्यायी योजना बहुधा ठरावीक प्रदेशातील डॉक्टरांशी बांधलेल्या असतात. आणि गाडी बहुधा एकानेच चालविलेली असते. त्याची दृष्टी अधू झाली किंवा त्याला पक्षाघाताचा झटका आला, तर शेजारच्या आसनावरील स्त्रीला एवढे अवजड वाहन ॲरिझोनातून मुलीच्या गावापर्यंत नेता येईल काय? जाणती मंडळी दोघांनीही चालविण्यास शिकावे असे आग्रहाने सांगतात. पण मुळात जिच्या वाट्याला कधी चाक आलेच नाही ती साठीनंतर शिकणार कधी, आणि नवरा ते तिच्या हाती देणार कधी!

या प्रश्नाला लिव्हिंग्स्टनमध्ये एक उत्तर शोधले गेले आहे. संघटनेच्या मुख्यालयालगतच थकलेल्या सभासदांसाठी एक केंद्र चालते. वृद्धांनी तेथे आपापली गाडी उभी करावयाची आणि तिच्यातच राहावयाचे. जेवण सामायिक दालनात मिळते, परिचारिका चौकशी करतात, डॉक्टरकडे नेण्या-आणण्याची व्यवस्था आहे. हे शुश्रूषागृह नव्हे. अंथरुणाला पूर्ण खिळलेल्या माणसाची सोय अन्यत्रच करावी लागते. फिरस्त्यांच्या बोलीत या टप्प्याला ‘किल्ल्या खुंटीला टांगणे’ म्हणतात. रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांपैकी काहींत अजून दोघे राहतात, काहींत एकच.