पिकलबॉल : लहान अंगणातील टेनिस

आबिड्स परिसरात दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरचा दिवस बहुधा खुर्चीतच मावळतो. रुग्णाला नियमित व्यायामाचा सल्ला देणारे आपण स्वतः तो किती पाळतो, हा प्रश्न अवघड आहे. फतेह मैदान अर्थात लाल बहादूर शास्त्री स्टेडियम आणि निझाम कॉलेजचे मैदान हाकेच्या अंतरावर. पण पन्नाशीनंतर टेनिसचे मोठे कोर्ट गुडघ्यांना पेलत नाही. अशांसाठी पिकलबॉल हा उत्तम पर्याय आहे.

१९६५ साली अमेरिकेतील बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड व बिल बेल यांनी सुट्टीत कंटाळलेल्या कुटुंबीयांसाठी जुन्या बॅडमिंटन कोर्टावर हा खेळ मांडला. पुढे बार्नी मॅकॅलम त्यांना येऊन मिळाले. भारतात तो रुजविण्याचे श्रेय मुंबईचे सुनील वालावलकर यांना जाते. १९९९ साली कॅनडात त्यांना या खेळाची ओळख झाली आणि २००८ साली अखिल भारतीय पिकलबॉल असोसिएशन स्थापन झाली.

कोर्ट ४४ फूट लांब व २० फूट रुंद, म्हणजे नेमके बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढे. त्यामुळे बॅडमिंटनची आखणी असलेल्या कोणत्याही सभागृहात हा खेळ मांडता येतो. जाळी मात्र खाली घ्यावी लागते : कडेला ३६ इंच, मध्यभागी ३४ इंच. जाळीच्या दोन्ही बाजूंस ७ फुटांचा पट्टा असतो; त्यास 'किचन' म्हणतात. बॅडमिंटनची पुढची रेषा साडेसहा फुटांवर असल्याने अर्धा फूट मागे चिकटपट्टीची वेगळी रेषा आखावी. फळी गुळगुळीत व बिनतारांची, तर चेंडू छिद्रे असलेला, कडक प्लास्टिकचा.

सर्व्हिस अंतिम रेषेच्या मागून, हात खालून वर नेत, कमरेखाली चेंडू टोलवून समोरच्या तिरप्या चौकोनात करावी. चेंडू किचनच्या पलीकडे पडला पाहिजे. किचनच्या रेषेवर पडलेली सर्व्हिसही बाद ठरते. सर्व्हिस परतविणाऱ्याने चेंडूला एक टप्पा पडू द्यावा आणि ती परतफेड सर्व्हिस करणाऱ्या बाजूनेही एका टप्प्यानंतरच घ्यावी. त्यानंतर चेंडू हवेत टोलविण्यास मुभा आहे. मात्र किचनमध्ये किंवा त्याच्या रेषेवर पाय असताना नाही. टोला मारल्यावर तोल जाऊन आत पाय पडला तरी तो दोषच. टप्पा पडलेला चेंडू खेळण्यासाठी आत जाण्यास हरकत नाही.

पारंपरिक पद्धतीत गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूला मिळतो. दुहेरीत दोन्ही भिडूंना सर्व्हिसची पाळी मिळते. केवळ डावाच्या आरंभी ती एकालाच असते. ११ गुण व २ गुणांची आघाडी मिळविणारा पक्ष विजयी. जोरकस फटक्यापेक्षा जाळीलगत किचनमध्ये अलगद टाकलेला चेंडू, म्हणजे 'डिंक', येथे अधिक कामी येतो. म्हणूनच आजोबा आणि नात एकाच बाजूने खेळू शकतात.

आता एक वैद्यकीय इशारा. खेळ सोपा दिसतो, म्हणून तयारीविना उतरणारे अधिक. ज्येष्ठ खेळाडूंच्या गंभीर दुखापतींचे मोठे कारण म्हणजे पडणे. डोक्यावरून जाणाऱ्या उंच चेंडूसाठी पाठमोरे धावू नये. अंग वळवून मागे जावे अथवा तो गुण सोडून द्यावा. हाडे ठिसूळ असणाऱ्यांस असे पडणे मनगटाच्या वा खुब्याच्या अस्थिभंगापर्यंत नेऊ शकते. धावण्याच्या बुटांऐवजी बाजूच्या हालचालीस आधार देणारे कोर्टचे बूट वापरावेत. पोटऱ्या व टाचेमागील स्नायुबंध दहा मिनिटे सैल करून घ्यावेत. चेंडू जवळून वेगाने येत असल्याने डोळ्यांसाठी संरक्षक चष्मा हवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर तपासून खेळावे व गोड पदार्थ जवळ ठेवावा. हृदयविकार असलेल्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. छातीत दडपण जाणवल्यास डाव तेथेच थांबवावा. एप्रिल-मे महिन्यांतील हैदराबादी उन्हात उघड्यावर खेळणे टाळावे.

चार फळ्या, दोन-तीन चेंडू आणि एक खाली घेता येणारी जाळी एवढी सामग्री आरंभास पुरेशी आहे. रविवारी सकाळी चार-सहा कुटुंबांनी एकत्र येऊन सुरुवात करावी. वयस्क सभासदांना घराबाहेर पडण्यास निमित्त मिळेल, नव्या पिढीशी मराठीत चार गोष्टी होतील, आणि आपण रुग्णांना जे सांगतो ते स्वतः आचरल्याचे समाधानही लाभेल.