बर्फ बघायचाय? मग खालीच राहा!

डिसेंबर संपत आला की ऑफिसात दोनच विषय असतात... अप्रेझल आणि उरलेल्या सुट्ट्या. माझ्या सहा सुट्ट्या लॅप्स होणार होत्या, आणि आईनं आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता (फ्रीजरमधला सोडून!). तिचं वय 61, उजवा गुडघा कायम कुरकुरणारा. मनाली नको होतं. तसली गर्दी लक्ष्मी रोडवर फुकटात मिळते. म्हटलं, ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कला जाऊ.

नाव ऐकून दचकू नका. हिमाचलच्या कुलू जिल्ह्यातलं हे 754 चौरस किलोमीटरचं जंगल 2014 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आत गाडी जातच नाही, त्यामुळे जीप सफारी वगैरे विसरा. जायचं ते पायी, पाठीवर तंबू घेऊन. मग ऐन थंडीत, गुडघेदुखीवाल्या आईला घेऊन तिथे करायचं काय?

तर, वर जायचंच नाही. हिवाळ्यात वरची कुरणं बर्फाखाली जातात आणि मोनाल, घोरल, थार ही मंडळी चाऱ्यासाठी खालच्या उतारांवर येतात. हिमाचलचा राज्यपक्षी जुजुराणासुद्धा खाली सरकतो. पार्कच तुमच्याकडे येतं म्हणा ना. आपण फक्त तीर्थन नदीकाठी एखादं होमस्टे धरून बसायचं.

हे शहाणपण मला आधी अर्थातच नव्हतं. माझ्या एक्सेल शीटमध्ये दुसऱ्याच दिवशी जलोडी जोत होतं! उंची 3,120 मीटर, जिभीहून जेमतेम 12 किलोमीटर. फोटो बघितले होते, सॉल्लिड बर्फ. शोजापर्यंत गेलो आणि ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली.

‘‘मॅडम, गाडी चढ तो जाएगी, उतरेगी नहीं.’’

मी वाद घातला. जास्त पैसे देते म्हटलं. आता लिहिताना लाज वाटतेय, पण म्हटलं खरं. तो काही न बोलता खाली उतरला आणि मला पुढच्या वळणापर्यंत चालत यायला सांगितलं. ऊन न लागणाऱ्या त्या पट्ट्यावर रात्रीचं पाणी गोठून काचेसारखा पापुद्रा झाला होता. चौथ्या पावलाला मी आपटले. तेवढ्यात आमच्या पुढे गेलेली एक गाडी चाकं फिरत असूनही मागे-मागे घसरत आली आणि कठड्याला टेकून थांबली. कुणाला लागलं नाही. पण आत एक लहान मुलगी रडत होती, तो आवाज बराच वेळ कानात राहिला.

आई एवढंच म्हणाली, ‘‘अगं, त्यांची रोजची वाट आहे ही. आपण काल आलोय.’’

तिला बर्फ मिळाला तो तिथेच, रस्त्याकडेला देवदारांच्या सावलीत उरलेला. शिळा, वर काटक्या पडलेला. तिनं गुळपोळ्यांचा स्टीलचा डबा रिकामा केला, बर्फ दाबून भरला आणि झाकण लावलं. संध्याकाळपर्यंत दोनदा उघडून पाहिला. रात्री अर्थातच पाणी.

तिसऱ्या दिवशी मात्र गुशैनीहून नदीकाठच्या पायवाटेनं निघालो. ही वाट पार्कच्या दारापर्यंत, म्हणजे रोल्लापर्यंत जाते, एका बाजूनं आठ-नऊ किलोमीटर. दाराच्या अलीकडचा भाग इकोझोन. तिथं गावं आहेत, शेतं आहेत, परवाना लागत नाही. दारापलीकडे जायचं तर साई रोपा किंवा शमशीच्या ऑफिसातून परवाना काढावा लागतो. आम्ही दोनच किलोमीटर गेलो, तेही रमतगमत.

सोबत गावातलाच गाइड घेतला होता आणि तुम्हीही घ्याच. कारण नुसती वाट दाखवणं नाही. त्याचे आजोबा याच उतारांवर मेंढ्या चारायचे. 1999 मध्ये पार्कची अंतिम अधिसूचना निघाली आणि आतली चराई, जडीबुटी गोळा करणं बंद झालं. त्याच्या घरी आता मेंढ्या नाहीत. ‘‘अब टूरिस्ट चराता हूँ,’’ तो म्हणाला. आई खळखळून हसली. मला हसावं की नाही कळेना. मग त्यानं दुर्बीण आईच्या हातात दिली आणि समोरच्या कड्यावरचा घोरल दाखवला. तिला दिसला. मला शेवटपर्यंत तो दगडच वाटत होता!

आता तुमच्या प्लॅनिंगचं. विमानानं चंदीगड, तिथून मनालीकडे जाणाऱ्या बसनं औट. तिथे मनालीचा रस्ता सोडून बंजारमार्गे टॅक्सीनं तास-दीड तासात गुशैनी. भुंतरचा विमानतळ जवळ आहे, पण हवा बिघडली की फ्लाइट रद्द. परतीचं कनेक्शन त्याच्या भरवशावर ठेवू नका. 2023 आणि 2025 च्या पावसाळ्यात या भागातल्या रस्त्यांची फार हानी झाली, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी होमस्टेवाल्यांना फोन करून रस्ता विचाराच. ट्राउट पकडायची हौस असेल तर सॉरी बॉस, नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद. ताटातली ट्राउट विचारून बघा. आणि तूप ओतलेला गरमागरम सिड्डू सोडू नका, डाएट गेलं तेल लावत.

दरी अरुंद, त्यामुळे ऊन उशिरा येतं आणि चारच्या आत गायब. चालणं मधल्या वेळात उरका. खोली घेताना दोनच प्रश्न विचारा... गीझर चालतो का, आणि तंदूर आहे का? तंदूर म्हणजे इथली धुराड्याची लोखंडी शेगडी, सगळं घर तिच्याभोवती बसतं. कोळशाची उघडी शेगडी मात्र बंद खोलीत घेऊन झोपायचं नाही, त्या धुरानं माणसं दगावतात.

आणि हो, जलोडीसाठी एक दिवस राखून ठेवा, पण तो प्लॅनमध्ये पक्का लिहू नका. सकाळी ड्रायव्हरला विचारा. तो नाही म्हणाला तर अंगणात खुर्ची टाका. आमच्या शेवटच्या दिवशी आईनं तेच केलं. घरमालकिणीबरोबर अक्रोड फोडत बसली, एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला कुलवी. दुपारी निघायची वेळ झाली तरी दोघींचं बोलणं संपलं नव्हतं.