सतरा मायक्रोअँपिअरवर दहा वर्षांचा पहारा

१५०० मिलिअँपिअर-तास भागिले ८७,६६० तास. उत्तर येतं १७ मायक्रोअँपिअर.

पहिला आकडा आहे एका बुटक्या, तीन व्होल्टच्या लिथियम सेलचा. पूर्वी फिल्मच्या कॅमेऱ्यात हा सेल असायचा. दुसरा आकडा दहा वर्षांतल्या तासांचा. घराच्या भिंतीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म अशा एकाच सीलबंद सेलवर दहा वर्षं चालवायचा, तर त्याच्या वाट्याला सरासरी एवढीच वीज येते. मोबाइलच्या दोन अँपिअरच्या चार्जरशी तुलना केली, तर हा त्याचा एक लाख सतरा हजारावा भाग झाला. त्यातही सेल स्वतःचा वाटा आधी काढून घेतो, कारण नुसता पडून राहिला तरी तो वर्षाला साधारण एक टक्का उतरतो. म्हणजे पावणेदोन मायक्रोअँपिअर तिथेच गेले. उरलेल्या पंधरांत वायू मोजायचा, हिशोब करायचा, दिवा लुकलुकवायचा आणि वेळ आली तर घर दणाणून सोडेल असा बझर वाजवण्यापुरता साठाही राखायचा. साधा दोन मिलिअँपिअरचा एलईडी सतत पेटता ठेवला, तर हाच सेल एकतीस दिवसांत संपतो.

आता मोजायचं काय ते पाहू. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. हवेत त्याचं प्रमाण ५० पीपीएम, म्हणजे दहा लाख रेणूंत फक्त पन्नास, असं असलं तरी अर्ध्या लिटरच्या एका श्वासात त्याचे सहा परार्ध रेणू आत जातात. सहावर सतरा शून्यं.

सेन्सरच्या बारीक छिद्रातून मात्र यातले मोजकेच आत झिरपतात. आतल्या प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर एकेका रेणूची पाण्याशी गाठ पडते, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि दोन इलेक्ट्रॉन सुटतात. हे इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरून दुसऱ्या इलेक्ट्रोडकडे जातात, आणि तोच आपला संदेश. घरगुती अलार्ममधले सेन्सर एका पीपीएमला साधारण एक-दोन नॅनोअँपिअर देतात. दोन धरले तर ५० पीपीएमला १०० नॅनोअँपिअर. सेकंदाला ६२४ अब्ज इलेक्ट्रॉन, म्हणजे ३१२ अब्ज रेणू. ऐकायला प्रचंड वाटतं. पण हाच वेग न थांबता दहा वर्षं चालू राहिला, तरी सेन्सरने खर्ची घातलेला वायू पाच मिलिग्रॅमही भरत नाही.

युरोपातल्या ईएन ५०२९१ या मानकाची अट अशी: ३० पीपीएम असताना अलार्मने दोन तासांच्या आत वाजता कामा नये, आणि ५० पीपीएम असताना ६० ते ९० मिनिटांच्या दरम्यान वाजलाच पाहिजे. उगाच वाजणारा अलार्म लोक काढून कपाटात टाकतात, त्यामुळे पहिली अटही जीव वाचवणारीच आहे. या दोन पातळ्यांमध्ये अंतर २० पीपीएमचं, म्हणजे ४० नॅनोअँपिअरचं. सगळी अचूकता या फटीत बसवायची.

एवढासा संदेश मोजायचा तर तो आधी मोठा करणारी चिप, म्हणजे ऑप-अँप, लागते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास काही रुपयांत मिळणारा एलएम३५८ हा ऑप-अँप घ्या. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हातून तो गेलेला असतो. हा बिनकामाचा बसला तरी अर्धा मिलिअँपिअर ओढतो, म्हणजे आपला सेल १२५ दिवसांत रिकामा. त्याहून वाईट म्हणजे, त्याच्या इनपुटच्या पायातूनच नेहमी २० ते ४५ नॅनोअँपिअर वाहतात. आपली अख्खी फट चाळीसची! सोनाराच्या काट्यावर तोलणाऱ्यानेच बोट ठेवावं, तसं हे झालं. दिशेप्रमाणे हा प्रवाह नसलेला वायू दाखवेल किंवा असलेला झाकेल.

टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचा एलपीव्ही८११ हा याच कामासाठी डोळ्यांसमोर ठेवावा असा भाग आहे. तो ओढतो ४२५ नॅनोअँपिअर. कागदावर हिशोब केला तर आपल्या सेलवर तो एकटा चारशे वर्षं चालेल. इनपुटमधून नेहमीच्या तापमानाला वाहतो सुमारे ०.१ पिकोअँपिअर, आपल्या १०० नॅनोअँपिअरचा दहा लाखावा भाग. मग यात गमावलं काय? वेग आणि शांतता. एलएम३५८ दहा लाख हर्ट्झच्या घरात पळतो, हा आठ हजारांवर थांबतो. ट्रान्झिस्टरमधला औष्णिक गोंगाट निम्मा करायचा तर त्यातून चौपट प्रवाह सोडावा लागतो. प्रवाह हजार पटींनी कापला की गोंगाट वाढणारच. त्यातून सुटका नाही.

इथे मदतीला येतो तो वेळ, आणि मला या साऱ्या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. वायू आत झिरपायलाच सेन्सरला अर्धा-एक मिनिट लागतं. मानकाने तर तास दिलाय. मग घाई कशाला? शंभर मोजमापांची सरासरी काढली की यादृच्छिक गोंगाट दहा पटींनी उतरतो, दहा हजारांची काढली की शंभर पटींनी. विजेची उधारी वेळेने फेडता येते. निसर्गाने घातलेली मर्यादा तर फारच दूर आहे. १०० नॅनोअँपिअरच्या प्रवाहात इलेक्ट्रॉनांच्या संख्येचा स्वाभाविक चढउतार सेकंदाला आठ लाखांच्या आसपास, म्हणजे दहा लाखांत एक-सव्वा भाग एवढाच.

सरासरीने न भागणारी चूक वेगळी. तापमानाबरोबर हळूहळू सरकणारा शून्यबिंदू किंवा बोर्डावरची गळती कितीही वेळा मोजली तरी तशीच राहते. बोटाचा तेलकट ठसा, सोल्डरिंगनंतर राहिलेला फ्लक्स आणि पावसाळ्यातली दमट हवा एकत्र आली, तीन व्होल्टची रेघ आणि सेन्सरची रेघ यांच्यातला रोध १०० मेगाओमवर उतरला, की ३० नॅनोअँपिअर चोरवाटेने शिरले. म्हणजे १५ पीपीएमचा भास. म्हणून जाणकार बोर्ड धुऊन घेतात आणि नाजूक रेघेभोवती त्याच व्होल्टेजचं तांब्याचं कडं काढतात. दोन्हीकडे व्होल्टेज सारखं, मग गळायला कारणच उरत नाही. विजेचा खर्च शून्य.

तापमानाची भरपाई करायला थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे बदलणारा रोध, लागतो, आणि तिथेही नवखा फसतो. दहा हजार ओमचा थर्मिस्टर आणि तेवढाच दुसरा रोध तीन व्होल्टवर सतत जोडून ठेवला, की १५० मायक्रोअँपिअर गेले. सेल चौदा महिन्यांत संपला. म्हणून तो मोजण्यापुरता क्षणभर जोडतात. मायक्रोकंट्रोलरही तसाच झोपवतात: दर दहा सेकंदांनी पाच मिलिसेकंद जागा झाला आणि तेवढ्यात एक मिलिअँपिअर ओढला, तर सरासरी पडते अर्धा मायक्रोअँपिअर.

सेन्सरला धरून ठेवणारा ऑप-अँप मात्र कधीच झोपवायचा नाही. इलेक्ट्रोडांवरचं व्होल्टेज एकदा सुटलं की पुन्हा स्थिर व्हायला बराच काळ जातो, कधी तासन्‌तास, आणि तोवरचं मोजमाप भरवशाचं नसतं. म्हणून अनेक मंडलांत वीज गेली तरी दोन्ही इलेक्ट्रोड आपोआप एकमेकांना जोडून ठेवणारा ट्रान्झिस्टर बसवतात. जे बंद करता येत नाही, त्याचीच भूक नॅनोअँपिअरवर आणण्याला म्हणून एवढी किंमत.

दर दहा सेकंदांना एक, याप्रमाणे दहा वर्षांत मोजमापं होतात तीन कोटी पंधरा लाख. जवळजवळ सगळ्यांचं उत्तर शून्य. वेगळं उत्तर एखाद्याच रात्री यायचं असतं, आणि ते नेमकं यावं यासाठी उरलेल्या सगळ्या वेळा शून्य हे शून्यच दिसलं पाहिजे.

बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने जीव गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दर हिवाळ्यात येतात. अलार्म हा पहारेकरी आहे, उपाय नाही. आधी गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत हलवा. अलार्म घ्यायचा तर ईएन ५०२९१ किंवा अमेरिकेतल्या यूएल २०३४ मानकाचा घ्या, आणि तो बाथरूमच्या वाफेत न लावता बाहेर लावा. आणखी एक: अनेक अलार्ममध्ये टेस्टचं बटण फक्त सेल, बझर आणि मंडल तपासतं, सेन्सर वायू ओळखतो की नाही ते सांगत नाही. तेव्हा अलार्मवर छापलेली मुदत संपली, की तो बटण दाबल्यावर खणखणीत वाजत असला तरी बदला.