केबलच्या तारेतून ब्रॉडबँड
भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी टेलिफोनच्या तारेवरून आले. पुढे केबल टीव्हीची तारही कामी आली. ती मुळात एकेरी, म्हणजे फक्त घराकडे सिग्नल नेणारी होती. दुहेरी अ‍ॅम्प्लिफायर आणि केबल मोडेम बसल्यावर चॅनल व इंटरनेट वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर एकाच तारेतून धावू लागले. मात्र गल्लीतले सगळे ग्राहक तीच क्षमता वाटून घेतात. म्हणून गर्दीच्या वेळी वेग मंदावतो. शिवाय अपलोडचा वाटा कमी असतो. बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातल्या छोट्या वर्कशॉपला ड्रॉइंगच्या जड फायली पाठवायच्या, तर अडचण इथेच येते. सरकारच्या २००४च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटले होते. २०२३पासून त्यासाठी किमान २ एमबीपीएस डाउनलोड वेग लागतो. म्हणून कारखान्यासाठी जोडणी घेताना अपलोडचा वेग आधी विचारावा.